गुरुवारी शिफारस, शनिवारी निवृत्ती, बुधवारी मंजुरी: पदोन्नतीची तारीख कोणती धरायची?

२०१६ साली ३१ डिसेंबर शनिवारी आला. पश्चिम बंगाल सरकारच्या सेवेतले एक प्रधान वैज्ञानिक अधिकारी त्या दिवशी नियत वयोमानानुसार निवृत्त झाले. दोनच दिवस आधी, गुरुवारी २९ तारखेला, राज्याच्या लोकसेवा आयोगाने मुख्य वैज्ञानिक अधिकारी या पदासाठी त्यांची शिफारस केली होती. अंतिम मंजुरी आली ४ जानेवारी २०१७ला, बुधवारी. तोवर त्यांना निरोप देऊन झाला होता.

निवृत्ती आणि मंजुरी यांच्यात चार दिवसांचं अंतर पडलं. त्या चार दिवसांचा वाद प्रशासकीय न्यायाधिकरण, कोलकाता उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय असा चालला आणि २७ नोव्हेंबर २०२४ रोजी संपला. पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध डॉ. अमल सत्पथी या नावाने तो निकाल ओळखला जातो. न्यायमूर्ती पी. एस. नरसिंह आणि न्यायमूर्ती संदीप मेहता यांच्या खंडपीठाने सरकारचं अपील मान्य केलं. अधिकाऱ्याच्या पदरात काहीच पडलं नाही.

मी गेली बरीच वर्षं आस्थापना शाखेत काम करते. ज्येष्ठता याद्या, सेवापुस्तकं, पदोन्नतीचे प्रस्ताव यांतच माझा दिवस जातो. हा निकाल वर्तमानपत्रात आला त्या आठवड्यात निवृत्तीला टेकलेल्या तिघांनी माझ्या टेबलाशी येऊन एकच प्रश्न विचारला, "मॅडम, म्हणजे आमचंही असंच होणार का?" त्यांना उभ्या उभ्या जे उत्तर दिलं ते अपुरं होतं. इथे ते सविस्तर देते.

फाईल वर्षभर कुठे होती

या प्रकरणाची सुरुवात डिसेंबरात झालेली नाही, ती जानेवारीत झाली. ६ जानेवारी २०१६ रोजी तिथल्या सेवाप्रवेश नियमांत दुरुस्ती झाली आणि वरचं पद पदोन्नतीने भरण्याची वाट मोकळी झाली. हे अधिकारी त्या पदासाठी पात्र होते. त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत ३६० दिवस होते. एका पदाचा प्रस्ताव तयार करणं, ज्येष्ठता आणि गोपनीय अहवाल तपासणं, आयोगाकडे पाठवणं, शिफारस घेणं आणि आदेश काढणं या कामाला ३६० दिवस कमी नव्हेत. मी हे टेबलावर बसून सांगते आहे. प्रस्तावात त्रुटी निघाल्या, आयोगाने दोनदा फाईल परत पाठवली, तरी एवढ्या मुदतीत हे काम होतं.

पण शिफारस आली ती शेवटच्या गुरुवारी. मध्ये हाती उरला तो शुक्रवार. शनिवारी निवृत्ती, रविवारी नवं वर्ष.

निवृत्तीनंतर या अधिकाऱ्यांनी न्यायाधिकरणात धाव घेतली. न्यायाधिकरणाने मधला मार्ग काढला. मागच्या तारखेने पदोन्नती देता येणार नाही हे त्याने मान्य केलं, पण निवृत्तीच्या दिवसापासून वरच्या पदाचे आर्थिक लाभ कागदोपत्री धरावेत आणि पेन्शन त्यानुसार काढावी, असा आदेश दिला. उच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. सरकारने मग सर्वोच्च न्यायालयात अपील केलं आणि तिथे दोन्ही आदेश रद्द झाले.

प्रत्यक्षात पणाला काय लागलं होतं, ते आकड्यांत पाहू. हे त्या अधिकाऱ्यांचे आकडे नाहीत, उदाहरण म्हणून धरलेले आहेत. समजा पदोन्नतीने मूळ वेतन ५,००० रुपयांनी वाढलं असतं. आपल्याकडच्या हिशेबाने पेन्शन शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी, म्हणजे दरमहा २,५०० रुपये जास्त, वर महागाई वाढ. ३०० दिवसांची अर्जित रजा शिल्लक असेल तर रजा रोखीकरणात ५०,००० रुपये जास्त. उपदान (ग्रॅच्युइटी) मूळ वेतनाच्या कमाल साडेसोळा पट, म्हणजे कमाल मर्यादेला टेकलेलं नसेल तर ८२,५०० रुपये जास्त. आणि माणूस गेल्यावर मागे राहिलेल्या जोडीदाराच्या कुटुंब निवृत्तिवेतनात दरमहा १,५०० रुपयांचा फरक. ही रक्कम कुणाला लहान वाटेल. पंचवीस वर्षं पेन्शन घेणाऱ्या घरात ती लहान नसते.

चार तारखा आणि एक नियम

पदोन्नतीच्या प्रत्येक फायलीत चार तारखा असतात: जागा रिकामी झाली ती तारीख, समितीने किंवा आयोगाने शिफारस केली ती, आदेश निघाला ती, आणि माणूस नव्या पदावर रुजू झाला ती. कर्मचाऱ्याच्या मनात पहिली तारीख असते. "जागा जूनमध्येच रिकामी झाली होती, मला जूनपासून द्या," हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल याची मोजदाद नाही. कायदा मात्र शेवटच्या तारखेकडे पाहतो.

जागा रिकामी झाल्याची तारीख का धरत नाहीत, याचं उत्तर १९८९च्या भारत सरकार विरुद्ध के. के. वडेरा या निकालात आहे. योगायोग असा की तिथेही वादी शास्त्रज्ञच होते, संरक्षण संशोधनातले. पद निर्माण झाल्यापासून किंवा रिकामं झाल्यापासून पदोन्नती लागू होते असा कोणताही सर्वसाधारण नियम नाही, ती दिल्या दिवसापासून लागू होते, असं न्यायालयाने तेव्हा सांगितलं आणि आजही तेच वाक्य जागोजागी उद्धृत होतं. जागा रिकामी असली तरी ती भरायचीच असं सरकारवर बंधन नसतं. सरकार ते पद काही काळ न भरता ठेवू शकतं, नियम बदलू शकतं, पद रद्दही करू शकतं. जागा ज्या वेळी रिकामी झाली त्या वेळच्या जुन्या नियमांनीच ती भरली पाहिजे, असा समज १९८३च्या एका निकालामुळे बरीच वर्षं रुजला होता. मे २०२२मध्ये हिमाचल प्रदेश विरुद्ध राजकुमार या निकालाने तोही मोडीत काढला.

दुसरी तारीख शिफारशीची. इथेच सगळ्यांची फसगत होते. विभागीय पदोन्नती समितीची बैठक झाली, नाव यादीत आलं की कार्यालयात पेढे वाटले जातात. मीही खाल्ले आहेत. पण समिती किंवा आयोग फक्त सल्ला देतात. निवड यादीत नाव आल्याने नियुक्तीचा अबाधित हक्क मिळत नाही, हे घटनापीठाने १९९१मध्येच शंकरसन दाश प्रकरणात सांगून ठेवलं आहे. तो वाद भरतीचा होता, पण तर्क तोच. आणि मंत्र्यांनी फायलीवर "मान्य" लिहून सही केली, तरी तो आदेश होत नाही. १९६२च्या बचित्तर सिंग प्रकरणात घटनापीठ म्हणालं की फायलीवरचा शेरा राज्यपालांच्या नावाने आदेश म्हणून निघून संबंधिताला कळवला जात नाही, तोवर तो बदलता येणारा विचारच असतो. आमच्याकडे "साहेबांची सही झाली" म्हणजे काम झालं असं धरतात. सही झाली आणि आदेश निघाला या दोन गोष्टींमध्ये कधी कधी महिना जातो.

तिसरी आणि चौथी तारीख यांच्यात बहुतेक वेळा दोन-चार दिवसांचंच अंतर असतं, म्हणून लोक त्या एकच धरतात. पण वेतन ठरतं ते रुजू झाल्याच्या तारखेवरून. केंद्राच्या मूलभूत नियमांतला नियम १७ हेच सांगतो: पदाची कामं हाती घेतल्या दिवसापासून त्या पदाचं वेतन सुरू, कामं सोडली की बंद. पश्चिम बंगालच्या सेवा नियमांतला नियम ५४(१)(अ) त्याच धाटणीचा आहे आणि सत्पथी निकालाचा सगळा भार त्यावर आहे. अधिकारी ३१ डिसेंबरला निवृत्त झाले, वरच्या पदाची जबाबदारी त्यांनी एक दिवसही घेतली नाही, म्हणून त्या पदाचं वेतन नाही, आणि वेतन नाही म्हणून त्यावर आधारलेली पेन्शन नाही. मागच्या तारखेने पदोन्नती देण्याची मुभा नियमांनीच दिलेली असेल तर गोष्ट वेगळी, तशी मुभा तिथे नव्हती.

याच निकालात आणखी एक भेद अधोरेखित केला आहे, तो त्याआधी जुलै २०२४मध्ये बिहार राज्य वीज मंडळाच्या प्रकरणातही आला होता. पदोन्नतीसाठी आपला विचार व्हावा, हा राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ आणि १६ने दिलेला मूलभूत हक्क आहे. पदोन्नती मिळावी, हा मूलभूत हक्क नाही. ऐकायला हा शब्दच्छल वाटतो, पण फरक खरा आहे. तुमचं नाव विचारक्षेत्रात, म्हणजे पदोन्नतीसाठी ज्यांचा विचार करायचा त्यांच्यात, असून वगळलं तर तुमचा हक्क मोडला. नाव घेतलं, विचार झाला आणि उशीर झाला, तर या निकालानुसार तुमच्या हातात फार थोडं उरतं.

आपल्याकडे काय आहे

महाराष्ट्रातल्या वाचकाला यापुढचा भाग जास्त कामाचा. महाराष्ट्र नागरी सेवा (सेवेच्या सर्वसाधारण शर्ती) नियम, १९८१ यांतला नियम ३२ नेमका याच प्रश्नाचं उत्तर देतो. माझ्या शब्दांत सांगायचं तर: खालच्या पदावरून वरच्या पदावर जाताना काम तेच राहत असेल, तर वेगळा आदेश नसल्यास पदोन्नती जागा रिकामी झाल्या दिवसापासून लागू होते. पण नव्या पदावर वाढीव जबाबदारी घ्यायची असेल, तर वाढीव वेतन त्या पदाचं काम हाती घेतल्या दिवसापासूनच मिळतं.

या नियमाचा पहिला अर्धा भाग वाचून पुष्कळांचे डोळे चमकतात. मी त्यांना दुसरा अर्धा वाचायला लावते. लिपिकाचा अव्वल कारकून झाला, अव्वल कारकुनाचा नायब तहसीलदार झाला, सहायक अभियंत्याचा उपविभागीय अभियंता झाला, तर काम तेच राहतं असं कुणी म्हणणार नाही. सही करण्याचे अधिकार बदलतात, हाताखालची माणसं बदलतात, चौकशी लागली तर जबाब कुणी द्यायचा तेही बदलतं. पहिला भाग उपयोगी पडतो तो एकाच कामाच्या दोन श्रेणी असतील तिथे. तशी पदं फार उरलेली नाहीत.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे मानीव दिनांक. हा शब्द आस्थापनेबाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. पदोन्नती प्रत्यक्षात मिळाली एका तारखेला, पण ती आधीच्या एका तारखेला मिळाली असं मानायचं, ती मानलेली तारीख म्हणजे मानीव दिनांक. ज्येष्ठता यादीत चूक झाली, गोपनीय अहवाल वेळेत जोडले गेले नाहीत, एखाद्याचं नाव नजरचुकीने राहिलं आणि त्याचा कनिष्ठ पुढे निघून गेला, तर ज्येष्ठ कर्मचाऱ्याला त्या कनिष्ठाची तारीख मिळते. ज्येष्ठता त्या तारखेपासून धरतात, वेतननिश्चितीही कागदोपत्री त्या तारखेपासून करतात. थकबाकी मात्र साधारणपणे प्रत्यक्ष काम हाती घेतल्यापासूनच.

मानीव दिनांकाच्या प्रस्तावात मी सगळ्यात आधी एकच रकाना पाहते: कनिष्ठ कोण, तो कधी पुढे गेला, आणि तेव्हा अर्जदार सेवेत होता का? हा रकाना रिकामा असेल तर बाकीची वीस पानं व्यर्थ जातात. निवृत्तांच्या बाबतीतही कसोटी हीच. १९९८च्या बैजनाथ शर्मा विरुद्ध राजस्थान उच्च न्यायालय या निकालात निवृत्त न्यायिक अधिकाऱ्याला मागच्या तारखेची पदोन्नती नाकारली गेली, पण न्यायालयाने सांगितलं की निवृत्तीच्या आधीच्या तारखेपासून एखाद्या कनिष्ठाला पदोन्नती दिली गेली असती तर तक्रारीला जागा होती. सत्पथी निकाल ज्या पायावर उभा आहे त्यात कनिष्ठाने ओलांडून पुढे जाण्याचा प्रश्न येत नाही, तो सगळा उशिराचा प्रश्न आहे. म्हणून माझ्या टेबलाशी आलेल्या तिघांपैकी एकाला मी सांगितलं की तुमचं प्रकरण वेगळं आहे. त्यांचा कनिष्ठ त्यांच्या डोळ्यांदेखत वर गेला होता.

आणि काम केलं नाही तर वेतन नाही, हे तत्त्वही सरसकट लागू होत नाही. १९९१च्या जानकीरामन निकालात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी ते फार स्वच्छ लिहून ठेवलं आहे. सावंत मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेले. प्रश्न मोहोरबंद पाकिटाचा होता: चौकशी चालू असलेल्या कर्मचाऱ्याबद्दलचा समितीचा निष्कर्ष पाकिटात बंद करून ठेवायचा, निर्दोष ठरला की पाकीट उघडायचं. न्यायालय म्हणालं, दोषारोपपत्र दिल्याशिवाय पाकीट बंद करता येणार नाही, आणि माणूस पूर्ण निर्दोष सुटला तर त्याला मागच्या तारखेपासून पदोन्नती मिळालीच पाहिजे. वेतनही. तो काम करायला तयार होता, सरकारनेच त्याला कामापासून दूर ठेवलं, मग काम केलं नाही म्हणून वेतन कसं नाकारणार? फक्त चौकशी त्याच्यामुळेच लांबली किंवा तो संशयाच्या फायद्यावर सुटला, अशा प्रसंगी अधिकाऱ्याने कारणं नोंदवून कमी द्यावं. पुढे २००७मध्ये केरळच्या भास्करन पिल्लई प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की थकबाकीचा प्रश्न प्रत्येक प्रकरणाच्या वस्तुस्थितीवर ठरवायचा, आखीव नियम नाही.

तारखांच्या वादात महाराष्ट्राचं नाव तसं जुनंच आहे. थेट भरती झालेले आणि पदोन्नतीने आलेले अभियंते यांच्यातला ज्येष्ठतेचा झगडा १९७७मध्ये पटवर्धन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांनी कायम होण्याच्या तारखेवर ज्येष्ठता टांगून ठेवणं मोडीत काढलं, कारण कायम कधी करायचं हे कर्मचाऱ्याच्या कामावरही ठरत नाही आणि जागांवरही ठरत नाही. १९९०मध्ये घटनापीठाने महाराष्ट्राच्याच थेट भरती अभियंत्यांच्या प्रकरणात नियम पक्का केला: नियमाप्रमाणे नेमणूक झाली असेल तर ज्येष्ठता नेमणुकीच्या तारखेपासून. आज आमच्या शाखेत ज्येष्ठता यादी करताना जो रकाना आपोआप भरला जातो, त्याच्या मागे हा एवढा झगडा आहे.

मला पटलं ते आणि न पटलं ते

निकालाचा गाभा मला पटतो. पद म्हणजे जबाबदारी. ती न घेता तिचं वेतन मिळू लागलं तर रिकाम्या जागांच्या मागे तारखा धावायला लागतील. वीस वर्षांपूर्वीची जागा शोधून काढून लोक त्या तारखेची मागणी करतील. त्यात दुसऱ्याची ज्येष्ठता जाते. दरम्यान सरळ सेवेने आलेला तरुण अधिकारी एके सकाळी यादीत अकरा जागा खाली गेलेला असतो, तोही काही चूक नसताना. मी असे चेहरे पाहिले आहेत. वडेरा आणि त्यानंतरच्या निकालांना हीच काळजी आहे आणि ती खरी आहे.

पण निवृत्त माणसाच्या बाबतीत ही काळजी लागू पडत नाही. त्याला कागदोपत्री लाभ दिला तर कुणाचीच जागा सरकत नाही. यादीत तो नाहीच. प्रश्न फक्त तिजोरी आणि तो माणूस यांच्यातला उरतो. न्यायाधिकरणाने हेच हेरलं होतं असं मला वाटतं: पदोन्नती नको, थकबाकी नको, फक्त पेन्शन काढताना वरचं वेतन धरा. यात कामाविना वेतन मिळत नव्हतं, वर्षभराच्या दिरंगाईची थोडी भरपाई मिळत होती. २००३च्या केरळमधल्या प्रेमचंद्रन प्रकरणात, पदोन्नती समिती १९६४ ते १९८० बसलीच नाही म्हणून मागच्या तारखेने दिलेल्या पदोन्नत्या न्यायालयाने टिकवल्या होत्या, प्रशासनाच्या चुकीची शिक्षा कर्मचाऱ्यांना नको म्हणून. तिथे सरकारने स्वतःहून दिलेलं होतं आणि इथे सरकार विरोधात उभं होतं, हा फरक मोठा आहे हे मला मान्य आहे. तरी ज्या सरकारच्या फायली ३६० दिवस फिरल्या त्याच सरकारने चार दिवसांवर बोट ठेवावं, हे मला टोचतं.

काही जण इथे वेतनवाढीच्या निकालाचा दाखला देतात. ११ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या वीज पारेषण महामंडळाच्या प्रकरणात सांगितलं की वर्षभर चांगली सेवा करून आदल्या दिवशी निवृत्त झालेल्याला दुसऱ्या दिवशी देय होणारी वार्षिक वेतनवाढ मिळालीच पाहिजे. ३० जूनला निवृत्त झालेल्या आपल्याकडच्या अनेकांना त्याचा लाभ झाला. मग एका दिवसाने हुकलेली वेतनवाढ मिळते, तर चार दिवसांनी हुकलेली पदोन्नती का नाही? कारण वेतनवाढ ही झालेल्या कामाची असते, ती माणसाने मिळवून झालेली असते. पदोन्नती पुढच्या कामाची असते. हा दाखला लावून अर्ज करू नका, तो टिकणार नाही.

फाईल वेळेत हलवायची ती अशी

या निकालानंतर मी शाखेत एक गोष्ट बदलली. पुढच्या अठरा महिन्यांत निवृत्त होणाऱ्यांची यादी भिंतीवर लावते, जन्मतारखेसह, आणि त्यातला जो पदोन्नतीच्या विचारक्षेत्रात आहे त्याच्या नावापुढे लाल खूण. आपल्याकडे निवडसूचीचं, म्हणजे पदोन्नतीसाठी निवडलेल्यांच्या यादीचं, वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट धरतात, त्यामुळे मेमध्ये निवृत्त होणाऱ्याचा विचार आधीच्या सप्टेंबरातच व्हायला हवा. मे म्हटलं ते मुद्दाम. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून टाकलेली एक अख्खी पिढी आमच्याकडे आहे, आणि १ जूनला जन्मलेला माणूस ३१ मेला निवृत्त होतो. त्यात एप्रिल-मे म्हणजे बदल्यांचे दिवस. ज्या महिन्यात सगळ्यांत जास्त माणसं जायची, त्याच महिन्यात फायलींना कुणी वाली नसतो.

कर्मचाऱ्याने काय करावं? सेवेत असताना लेखी मागावं. निवृत्तीला सहा महिने असताना दिलेल्या अर्जाला आणि निवृत्तीनंतर सहा महिन्यांनी दिलेल्या अर्जाला एकच कागद लागतो, पण पहिल्याला उपाय आहे, दुसऱ्याला नाही. अर्जावर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. प्रस्ताव अडला असेल तर सेवेत असतानाच न्यायाधिकरणात जाऊन, बैठक घेऊन निर्णय करा असा आदेश मागता येतो. आपला विचार व्हावा हा मूलभूत हक्क आहे, तो त्या वेळी जिवंत असतो. वकिलाचा खर्च आणि साहेबांची नाराजी या दोन भीतींपायी लोक थांबतात. ती भीती मला समजते, मीही याच इमारतीत काम करते.

आणि आदेश निघालाच, तर रुजू व्हायला एक तासही दवडू नये.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका वरिष्ठ लिपिक बाईंचा अधीक्षकपदाचा आदेश ३१ मेला सकाळी सव्वादहाला ईमेलवर आला. त्याच दिवशी त्यांची निवृत्ती होती. हॉलमध्ये खुर्च्या मांडून झाल्या होत्या, शाल-नारळ माझ्याच कपाटात होते. बाई देवळात गेलेल्या. शिपायाला स्कूटरवर पाठवलं. पद त्याच कार्यालयातलं असल्याने कार्यमुक्तीचा आदेश आणि रुजू अहवाल दोन्ही एकाच टेबलावर टंकले, साहेबांची बैठक थांबवून सह्या घेतल्या, आणि साडेअकराला बाई अधीक्षकांच्या खुर्चीत बसल्या. मी त्यांच्यापुढे त्या दिवसाची टपाल ठेवली. "नुसतं बसू नका ताई, टपालावर सह्या करा," म्हटलं. त्यांनी सतरा पत्रांवर अधीक्षक म्हणून सह्या केल्या. हात थरथरत होता, पण प्रत्येक पत्र वाचून सही केली, दोन परतही पाठवली. चार वाजता निरोप समारंभ झाला.

सेवापुस्तकात त्या दिवसाच्या दोन नोंदी एकाखाली एक आहेत: ३१ मे, म.पू. (मध्यान्हपूर्व), अधीक्षक पदावर रुजू. ३१ मे, म.नं. (मध्यान्हानंतर), नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त. वेतन पडताळणी पथकाने आक्षेप काढलाच, एका दिवसाची वेतननिश्चिती कशी म्हणून. आम्ही नियम ३२ उद्धृत केला, रुजू अहवाल जोडला, आणि त्या सतरा पत्रांतल्या तीन पत्रांच्या स्थळप्रती, म्हणजे कार्यालयात ठेवलेल्या प्रती, जोडल्या. आठ दिवसांत आक्षेप निकाली निघाला आणि पेन्शनचा प्रस्ताव वरच्या वेतनावर गेला.